बिघडलेलीच गिटार हवी

खोटं बोलताना मला आयुष्यात कधी अडचण आली नाही. अडचण येते ती ऐकणाऱ्यांच्या स्मरणशक्तीची. माणसांनी ऐकावं, डोळे विस्फारावेत आणि घरी जाऊन विसरावं, हा साधा शिष्टाचार आहे. पण आमचे व्याही मोरोपंत काही विसरत नाहीत.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वृंदाच्या लग्नाच्या बैठकीत मोरोपंतांनी आपल्या पेणच्या गणपतीच्या कारखान्याची इतकी वर्णनं केली, की मुलीकडची बाजू फारच हलकी वाटायला लागली. आमच्याकडे सांगण्यासारखं काय? रोह्याच्या कचेरीतली बत्तीस वर्षांची कारकुनी. मग मी सहज म्हणालो, "तरुणपणी मुंबईला एका वाद्यवृंदात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवत असे." तेवढ्यावर थांबणं माझ्या स्वभावात नाही. एकदा ऐन कार्यक्रमात तार तुटली आणि उरलेल्या पाच तारांवर मी वन्समोअर घेतला, हेही सांगितलं.

आता खरं काय ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्या वाद्यवृंदात मी दोन वर्षं होतो. गिटारवाला गिटार वाजवायचा, आणि गिटारीचा आवाज ज्या भल्यामोठ्या खोक्यातून बाहेर पडायचा तो खोका मी उचलायचो. तार तुटली होती हे खरं आहे. ती माझ्या हातून.

तर यंदा श्रावणात मोरोपंतांचा फोन आला. "व्याहीबुवा, यंदा साखरचौथीला तुमचं वादन ठेवलंय. पत्रिका छापायला टाकली."

पेणच्या मूर्तिकारांना भाद्रपद चतुर्थीला साऱ्या दुनियेचे गणपती पोचवताना स्वतःच्या गणपतीकडे बघायला फुरसत नसते. ते आपला गणपती बसवतात पंधरवड्याने, साखरचौथीला. त्या दिवशी कारखान्यात सगळे कारागीर, त्यांची बायकामुलं, आळीतली माणसं असा दोनशेचा जमाव असतो. एवढ्या जमावापुढे माझं पितळ उघडं पडलं, तर मला काय, मी रात्रीच्या एस्टीने रोह्याला परत. वृंदा मात्र तिथेच नांदणार. "तुझ्या वडिलांची गिटार कशी आहे गं?" हे वाक्य तिला हळदीकुंकवापासून बारशापर्यंत जन्मभर ऐकावं लागणार. माझ्या अब्रूचं मी बघून घेतो, पण ही तिची अब्रू होती.

यावर दोनच उपाय होते. एक म्हणजे दीड महिन्यात गिटार शिकणं. हा मी अर्थातच बाजूला ठेवला. दुसरा उपाय म्हणजे अशी गिटार मिळवणं, की जी कोणाच्याही बापाला वाजवता येऊ नये.

धाटावच्या कंपनीतला केरू आपली जुनी गिटार विकतोय असं कळलं. मी त्याच्या खोलीवर गेलो. लाल रंगाची, पोपडे उडालेली, पोटाला एक लोखंडी दांडी लावलेली ती गिटार खाटेखालून बाहेर आली. केरू प्रामाणिक माणूस. रात्रपाळी करून आलेला, जांभया देत म्हणाला, "काका, खरं सांगतो, नका घेऊ. ही सुरात राहत नाय. पहिल्या कडव्याला लावलेली दुसऱ्या कडव्याला उतरते."

"नक्की उतरते?"

"देवाशप्पथ उतरते. तीन वर्षं डोकं फोडलं मी."

"दुरुस्त होण्यासारखी तर नाही ना?" मी काळजीने विचारलं.

केरूने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. गिऱ्हाईकाने असा प्रश्न विचारल्याचं त्याच्या ऐकिवात नसावं. "नाय," तो म्हणाला. मी तिथल्या तिथे सौदा पक्का केला. बिघडलेला माल हमी घेऊन विकत घेणारा रोहा तालुक्यातला मी पहिलाच.

माझी योजना सोपी होती. साखरचौथीला गिटार मांडीवर घ्यायची, एकदा छेडायची, चेहरा वाकडा करायचा, आणि म्हणायचं, "अरेरे! वाद्यच दगा देतंय. कलावंताने काय करावं?" लोक हळहळतील, मी नमस्कार करीन, प्रसाद वाटला जाईल. योजनेत एकच खोट होती. मी आळीत राहतो, हे मी विसरलो होतो.

गिटार घरी येऊन चहा होतो न होतो तोच शेजारचा दत्तात्रेय आला. हा धाटावलाच एका कंपनीत मेन्टेनन्सला आहे. चालू असलेली वस्तू त्याला दिसत नाही, बंद असलेली दोन घरांपलीकडून दिसते. "अण्णा, वाजवा की!"

"वाद्य सुरात आल्याशिवाय मी हात लावत नाही," मी बाणेदारपणे म्हणालो. "आणि ही सुरात राहत नाही. जाऊ दे, नशीब."

"नशीब?" दत्तात्रेय खुर्चीतून उठला. "अण्णा, हा ब्रेकडाऊन हाय. मशीन बंद पडली आन् नशीब म्हटलं, तर कंपनी बारा दिवसात बंद होईल. रूट कॉज काढल्याबिगर मी सोडणार नाय."

दुसऱ्या दिवशी आमच्या भिंतीवर, कालनिर्णयाच्या शेजारी, एक तक्ता लागला. वेळ, तार क्रमांक, स्थिती, शेरा, सही. दिवसातून तीन वेळा नोंद करायची. पहिल्या शिफ्टला आमची ही, दुसऱ्या शिफ्टला मी, तिसऱ्या शिफ्टला स्वतः दत्तात्रेय. आमच्या हिला लग्नानंतर प्रथमच एखाद्या कागदावर सही करण्याचा अधिकार मिळाला होता, त्यामुळे तिने हे काम फार मनावर घेतलं. "तार क्र. ४ ढिली. भात लागला." अशा नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत.

आठवडाभरात दत्तात्रेयला पहिला दोष सापडला. केरूने तारा खुंटीला जेमतेम एकेक वेढा देऊन बांधल्या होत्या. ताण पडला की तार सरकायची. दत्तात्रेयने तारा सोडून तीन तीन वेढे दिले, खुंट्यांचे स्क्रू आवळले, आणि कंपनीच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक खुंटीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली. बोल्ट हलला तर रेघ सरकलेली दिसते, अशी ती युक्ती.

गिटार दोन दिवस सुरात राहिली. माझी दुसरी शिफ्ट. ही भिशीला गेलेली पाहून मी सहाही खुंट्या अर्धा अर्धा वेढा मागे फिरवल्या आणि तक्त्यात लिहिलं, "सर्व तारा ढिल्या. कारण अज्ञात."

संध्याकाळी दत्तात्रेय रेघांकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मी पेपरात तोंड घातलं.

"अण्णा, खुंट्या फिरल्यात."

"असं?"

"हात न लावता फिरल्यात." त्याचा चेहरा उजळला. "कंपन! दुपारची मालगाडी जाते ना? तिचं कंपन भिंतीतून खुंटीला लागतं." आणि त्याने कंपनीच्या पंपाखाली घालतात तसलं जाड रबर आणून गिटारीखाली घातलं, शिवाय खुंट्यांचे स्क्रू असे पिळले की त्यानंतर माझ्याच्याने त्या फिरेनात. मालगाडीवर आळ आला आणि शिक्षा माझ्या अंगठ्याला झाली.

मग मी हवामानाकडे वळलो. मासे घेऊन येणाऱ्या सीताबाईचं माहेर पेणकडच्या मिठागरांवरचं. तिने गिटारीकडे पाहून हिला सांगितलं होतं, "वहिनी गो, ही तार पावसाची हवा खाते. फडक्यात बांधून मिठाच्या गोणीशेजारी ठेव, कोरडी राहील. पण गोणीचं तोंड बांध हां, नायतर मीठच पाणी सोडतं." किती उपयुक्त माहिती! मी ताबडतोब पाच किलो जाडं मीठ आणलं, गोणीचं तोंड सताड उघडं ठेवलं आणि फडकं बांधायचं विसरलो. भाद्रपदातल्या हवेने आपलं काम केलं. तीन दिवसांत तारांवर असा तांबूस गंज चढला, की मला त्या रंगाचं कौतुक करावंसं वाटलं.

दत्तात्रेयने गंज पाहिला आणि पनवेलला जाऊन नव्या कोऱ्या तारा घेऊन आला. "जुन्या तारा तशाही मेल्या होत्या, अण्णा. बरं झालं गंजल्या, नायतर मी बदलल्या नसत्या." नव्या तारा ताणतात म्हणून त्या त्याने हाताने ओढून ओढून मुरवल्या. गिटार पूर्वीपेक्षा गोड वाजू लागली. माझ्या प्रत्येक घातपातातून तिची प्रकृती सुधारत होती. मी आयुष्यात एवढ्या मनापासून कुणाची सेवा केली नव्हती.

तरी एक दोष उरला होता, आणि मी त्याच्यावर आशा लावून बसलो होतो. तार लावताना मध्येच 'टक्' असा आवाज व्हायचा आणि सूर एकदम पुढे उडायचा. दत्तात्रेयला हा 'टक्' कळेना. त्याने शरणागती पत्करली आणि मी पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून काळुरामला घेऊन आला.

काळुराम म्हणजे अष्टमीच्या भजनी मंडळाचा पेटीमास्तर, तारेच्या वाद्यांवरही हात बसलेला. कुंडलिकेच्या पुलावरून पेटी डोक्यावर घेऊन चालत आला, पेटी खाली ठेवली, गिटारीला कान लावला आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसला. मला वाटलं झोपला.

"तार चोंदलीय," डोळे न उघडता काळुराम म्हणाला. "वरच्या या हाडाच्या पट्टीत खाचा हायत ना, त्यात तार अडकते. मग एकदम सुटते. तंबोऱ्याचं दुखणं ह्येच. वहिनी, शिसपेन्सिल हाय का?"

ही धावत पेन्सिल घेऊन आली. काळुरामने शिसं ब्लेडने खरवडलं, त्याची पूड सहा खाचांत भरली, तारा परत बसवल्या. 'टक्' गेला. तीन वर्षं केरूने डोकं फोडलं, आणि औषध निघालं शाळेच्या दप्तरातलं.

"आन् ही दांडी," काळुराम म्हणाला, "हिच्या पाठीमागं स्प्रिंगा हायत. एक तार ओढली की बाकीच्या पाच सैल पडतात. एकत्र कुटुंब हाय सगळं. एकाचं बघायला गेलं की पाचजण रुसतात."

"मग?" दत्तात्रेयने विचारलं.

"वेगळी चूल मांडायची." आणि दत्तात्रेयने पाठीमागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पोकळीत सागाची पाचर ठोकून दिली. दांडी जागच्या जागी घट्ट बसली. काळुरामने गिटार मांडीवर घेतली आणि सहज एक अभंगाची चाल छेडली. आमची ही पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाई, किती गोड! आणि हे वाजवतील तेव्हा तर काय होईल!"

काय होईल हे मला नेमकं ठाऊक होतं.

आता मला फक्त सरकार वाचवू शकत होतं. "स्पीकरची परवानगी मी आणतो," असं मोरोपंतांना फोनवर सांगून मी पेणच्या कचेरीत गेलो. अर्जात मुद्दाम तारीख चुकवली, वाद्याच्या रकान्यात 'विद्युत' असं संशयास्पद लिहिलं, आणि सही करायची सोडून दिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या भांडवलावर मी लोकांची लग्नंसुद्धा लांबवली आहेत. खिडकीत अर्ज सरकवला तर आतून आवाज आला, "अण्णासाहेब, तुम्ही?"

रोह्यात माझ्या हाताखाली नोकरीला लागलेला त्र्यंबक. "बसा, बसा! अहो, फाईल कशी झोपवायची हे तुमच्याकडूनच शिकलो मी." त्याने अर्ज घेतला, तारीख स्वतः दुरुस्त केली, 'विद्युत' खोडलं, माझ्या हातात पेन देऊन सही घेतली, आत जाऊन साहेबांची घेतली आणि चहा येण्याच्या आत शिक्का मारून कागद माझ्या हातात ठेवला. स्वतंत्र भारतात एक अर्ज पंधरा मिनिटांत मंजूर झाला, आणि तो नेमका माझा! शिष्याने गुरूचं असं नाक कापलेलं मी पाहिलं नव्हतं. शिकवणीत कुठे कमी पडलो कोण जाणे.

साखरचौथीच्या दिवशी मी, ही, गिटार, दत्तात्रेय, आणि पेटीसकट काळुराम, अशी वरात एस्टीने पेणला उतरली. दत्तात्रेयने रजा काढली होती. त्याच्या खिशात घडी घातलेला तक्ता होता.

मोरोपंतांनी गिटार हातात घेतली, एक डोळा मिटला, आणि मूर्तीच्या सोंडेचा बाक बघतात तसं तिच्या लांब मानेवरून नजर फिरवली. "व्याहीबुवा, मान एक केसभर पुढे झुकलीय. वरच्या पट्ट्यांवर सूर चढा लागत असेल."

"लागू दे हो!" मी कळवळून म्हणालो.

"छे छे! आमच्या गणपतीसमोर वाकडं काही चालत नाही." मूर्तीचे डोळे रेखणारा, आखणीचा त्यांचा चष्मेवाला कारागीर आला. त्यानेही एक डोळा मिटून मान हलवली. सायकलच्या दुकानातून किल्ली आली, मानेतला स्क्रू पाव वेढा फिरला. काळुरामने पेटीवर सूर धरून एकेक तार तपासली आणि जाहीर केलं, "आता हिला नाव ठेवायला जागा नाय."

शेवटचा प्रयत्न म्हणून मी गिटार नेऊन मखरात, मूर्तीला टेकवून ठेवली. प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्ती हलवत नाहीत. पूजा आटोपल्यावर मी दुःखी चेहऱ्याने गुरुजींना म्हणालो, "आता गिटार काढणं म्हणजे मूर्ती हलवणं. शास्त्रात बसत नाही."

"मूर्ती कशाला हलतेय?" गुरुजी म्हणाले आणि गिटार अलगद काढून माझ्या हातात दिली. "देवापुढे वाजवायचं वाद्य आहे, देवाने काय करायचंय त्याचं? वाजवा."

साखरेचा नैवेद्य झाला. दोनशे माणसं मांडी घालून बसली. पुढे कारागीर, त्यांच्या नखांत अजून रंग. खांबाला टेकून वृंदा उभी होती, हातात प्रसादाचं ताट. माझ्याकडे बघून हसत होती. सहा वर्षं ती या घरात माझ्या गिटारीच्या जोरावर ताठ उभी होती, हे मला त्या हसण्यात दिसलं. वाटलं, आता पहिली तार छेडली की हे हसू जाणार. जायचंच असेल तर निदान माझ्या तोंडाने जावं, बोटाने नको.

मी गिटार बाजूला ठेवली. माईक ओढला.

"मंडळी, मला गिटार वाजवता येत नाही. कधीच येत नव्हती. मी वाद्यवृंदात खोका उचलायचो."

कोपऱ्यातून एकजण हसला, मग सगळे. टाळ्या पडल्या. मोरोपंत उठून उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते. "ऐकलंत? याला म्हणतात विनय! पाच तारांवर वन्समोअर घेतलेला हा माणूस!"

"अहो, खरंच सांगतोय. गणपतीची शपथ."

"पितृपक्ष चालू आहे," मोरोपंत लोकांकडे वळून हळू आवाजात म्हणाले. "त्यांना आपल्या गुरूंची आठवण झाली असणार. गुरू गेल्यावर वाद्य खाली ठेवतात मोठे कलावंत. आपण आग्रह करू नये."

दोनशे माणसांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेतल्या म्हातारीने डोळे पुसले. आयुष्यभर मी रचलेल्या थापा लोकांनी पाण्याशिवाय गिळल्या होत्या. एकदाच खरं बोललो तर कुणाच्या घशाखाली उतरेना. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. "अहो, तक्ता बघा, या दत्तात्रेयाला विचारा!" असं मी ओरडलो, तर दत्तात्रेयने अभिमानाने तक्ता उघडून दाखवला: "हे बघा, सूर लागला की नाही, याची दिवसातून तीन वेळा नोंद. असा शिस्तीचा माणूस!"

मग मोरोपंतांच्या सांगण्यावरून काळुरामने गिटार उचलली. त्याने अभंग धरला, कारागिरांनी टाळ घेतले, आणि तासभर ती लाल गिटार एका सुरानेही न हलता वाजत राहिली. कार्यक्रम संपल्यावर काळुरामला शाल मिळाली. मला त्याचा गुरू म्हणून दोन.

पंगत उठल्यावर मी कारखान्याच्या मागच्या पडवीत, अर्धवट रंगलेल्या उंदरांच्या ओळीत, खांद्यावर दोन शाली घेऊन बसलो होतो. वृंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाजूला बसली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तो खोका जड होता का हो फार?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. दोनशे माणसांत तिने एकटीने माझं बोलणं खरं मानलं होतं. तिने नुसतं तांब्यातलं पाणी माझ्या पेल्यात ओतलं. मी एक घोट घेतला.

"जड?" मी म्हणालो. "अगं, चार माणसांना हलत नसे. मी एका हाताने, तीन मजले."